पैसे येऊन राहिले

संपादकांनी माझ्याकडे रेल्वेच्या चौकशी खिडकीवरच्या आठवणी मागितल्या होत्या. हलक्याफुलक्या असल्या तर बरं, दिवाळीचा अंक आहे, असंही म्हणाले. त्यांची माफी मागून सांगतो, त्या आठवणी मी लग्नाच्या पंगतीत इतक्यांदा सांगितल्या आहेत की आमच्या सुनेलाही पाठ आहेत. हे लिहितो आहे ते त्यानंतरच्या कामाबद्दल. निवृत्तीनंतर गोंदियातल्याच एका ऑफिसात मी काही काळ नोकरी केली. तिच्याबद्दल मी घरीही धड बोललो नाही. आताही लिहायला बसलो की पाय वळवळतात. दोन ओळी होतात, मी उठतो, रेल्वे फाटकापर्यंत जातो, एखादी मालगाडी जाऊ देतो आणि परत येतो. तेव्हा लेखात कुठे तुटक वाटलं, तर मी तिथे उठलो होतो असं समजावं.

पण खिडकीचं थोडं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

चौकशी खिडकीवर येणाऱ्या माणसाला माहिती हवी असते, असं नव्या कारकुनाला वाटतं. माहिती फलकावर लिहिलेली असते. माणसाला हवा असतो धीर. म्हातारी येऊन विचारते, "साहेब, गाडी?" तिला गाडी कुठल्या सिग्नलला उभी आहे हे सांगून काय उपयोग? मी म्हणायचो, "येऊन राहिली, माय." ती पिशवीवर निवांत बसायची. पुण्याहून बदलून आलेले एक साहेब मला चिडवायचे, "काय हो, येऊन राहिली म्हणजे आली, की यायची राहिली?" मी म्हणायचो, "साहेब, आमच्याकडे दोन्ही एकच असतं." ते हसायचे. आमच्या बोलीत 'येऊन राहिली' म्हणजे येते आहे, वाटेत आहे, इतकंच. खोटं तर नव्हतंच. गाडी शेवटी येतच असे. उभ्या नोकरीत मी एकाही प्रवाशाला 'माहीत नाही' असं म्हटलं नाही, याचा मला गर्व होता. निरोपाच्या भाषणातही मी तेच सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

निवृत्त झाल्यावर घरात मला कोणी काही विचारेना. फोनवर सगळ्यांना गाडी दिसत होती. मी सवयीने स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचो, कोणी विचारेल म्हणून. तिथेच मला विक्की सेठ भेटला. चाळिशीचा, गोड बोलणारा, बापाची फरशीची एजन्सी बुडवून मोकळा झालेला. म्हणाला, "अंकल, आपकी अंग्रेजी अच्छी है. बैठे-बैठे बोर हो रहे हो. मेरे यहाँ आ जाओ, कंप्यूटर पर बस बात करनी है."

बंद पडलेल्या फरशीच्या दुकानावर एक लांबट खोली होती. तिथे आम्ही सहाजण. काम होतं कॅनडातल्या लोकांशी चॅटवर बोलणं. हे लोक एका वेबसाइटवर खेळांवर पैसे लावायचे. मुख्यतः बर्फावरच्या हॉकीवर, थोडे क्रिकेटवर. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे मी आंघोळ करून, गंध लावून कामावर जायचो. बायकोला वाटायचं, मी विदेशी बँकेचं काही पाहतो. मी तिला तसंच वाटू दिलं.

धंदा समजावून सांगतो, कारण मलाही तो समजायला वेळ लागला. कॅनडात खेळांवर पैसे लावणं बेकायदा नाही. तिथल्या प्रांतांची त्यासाठी सरकारमान्य सोय आहे. आमची वेबसाइट त्यातली नव्हती. ती कुठल्या तरी बेटावर नोंदवलेली होती. अशा ठिकाणी बँका पैसे जाऊ देत नाहीत. म्हणून व्यवहार क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्यात. त्याला नोट नाही, शिक्का नाही, मॅनेजर नाही. एका लांबलचक अक्षरांच्या पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर ते जातं आणि गेलं की गेलं. बँकेत चुकीच्या खात्यात रक्कम गेली तर अर्ज करता येतो. इथे अर्ज कोणाकडे करणार?

ऑफिसात आमची भाषा मात्र गोंदियाचीच. ज्या नाण्याचा भाव रोज वरखाली होतो त्याला आम्ही 'धान' म्हणायचो आणि ज्याचा भाव डॉलरला बांधलेला असतो त्याला 'तांदूळ'. "केविन, इसका धान आया क्या?" "आया अंकल, चावल माँग रहा है." बाहेरून कोणी ऐकलं असतं तर राइस मिलचंच ऑफिस वाटलं असतं. केविन म्हणजे माझ्या शेजारी बसणारी रजनी. दोन लेकरांची आई, घरी छत्तीसगढी बोलणारी, हिंदी फर्डी. प्रत्येकाला गोरं नाव दिलेलं होतं. मी हेन्री.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एकजण गव्हाच्या मुलखातला म्हातारा शेतकरी होता. तो अगदी थोडी रक्कम लावायचा आणि हरला की मला विचारायचा, "हेन्री, तुझ्याकडे पाऊस आहे का?" मी लंडनला आहे असं त्याला सांगितलेलं असल्यामुळे मी रोज 'आहे' म्हणायचो. दुसऱ्या एकाने सगळी शिल्लक चुकीच्या जाळ्यावरून पाठवली. नाण्याचं नाव एकच, पण ते ज्या मार्गाने जातं ते मार्ग वेगळे असतात. आपल्याकडे पूर्वी छोटी लाइन आणि मोठी लाइन होती ना, तसं. छोट्या लाइनचा डबा मोठ्या लाइनवर चढवला तर तो पोचणार कुठे? त्या माणसाला मी पुष्कळ धीर दिला. त्याचे पैसे कधीच सापडले नाहीत, पण त्याने मला चांगला शेरा दिला.

खरं काम होतं पैसे काढताना. जिंकलेला माणूस पैसे परत मागतो, तेव्हा त्याचा अर्ज काही काळ 'प्रतीक्षेत' राहतो. तोवर त्याच्या पडद्यावर एक बटण असतं: अर्ज रद्द करा. रद्द केला की पैसे परत खेळाच्या खात्यात. धंद्याची सगळी कमाई या प्रतीक्षेत होती. माणूस बसून बसून कंटाळतो, हात शिवशिवतात, तो रद्द करतो आणि परत लावतो. आम्हाला फक्त त्याला बसवून ठेवायचं होतं, रागावू न देता. या कामात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. विक्की सेठ सगळ्यांना ऐकवायचा, "देखो, अंकल का कस्टमर गाली नहीं देता."

मला छान वाटायचं. मी परत खिडकीवर होतो.

एका सकाळी रजनी वैतागलेली दिसली. "अंकल, यह आदमी पागल है. अंग्रेजी में बात कर रहा था, अब बार-बार पूछ रहा है, कौन? मैंने लिखा केविन. फिर पूछता है, कौन? फिर लिखा केविन. अब गुस्सा हो रहा है."

मी तिच्या पडद्यावर पाहिलं. इंग्रजी अक्षरांत एकाखाली एक: काऊन? काऊन? काऊन बे?

मला इतकं हसू आलं की चहा सांडला. "अगं, तो तुझं नाव नाही विचारून राहिला. इंग्रजी अक्षरांत तुझं कौन आणि आमचं काऊन सारखंच दिसतं. काऊन म्हणजे का. का म्हणून, असं विचारतो आहे तो. हा आपल्याकडचा आहे."

मी तिच्या जागी बसलो आणि इंग्रजी अक्षरांतच लिहिलं, "कायले तापून राहिला भाऊ? गाव कोणतं?"

पलीकडे बराच वेळ नुसते ठिपके हलत राहिले. मग आलं, "तुमी गोंदियाचे होय का जी?"

त्याचं नाव देवचंद. दरेकशाच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका छोट्या गावचा. बाप जंगलातल्या मजुरीवर आणि धानाच्या तुकड्यावर जगलेला. देवचंद आधी आखाती देशात आरायंत्रावर होता, तिथून कॅनडात एका लाकडाच्या कारखान्यात गेला. वय असेल चाळिशीच्या आत-बाहेर, लग्न झालेलं नाही. "इथं पन जंगलच आहे काका," त्याने एकदा लिहिलं, "फक्त एकही झाड वळखीचं नाही." तो थोडं थोडं लावायचा आणि जास्त वेळ माझ्याशी बोलायचा. खरं तर बोलण्यासाठीच यायचा. गिऱ्हाइकाला आपलं गाव सांगायचं नाही, असा नियम होता. मी घाबरत घाबरत विक्की सेठला सांगितलं. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे अंकल, बढ़िया! पहचान वाला कस्टमर भागता नहीं."

ते वाक्य मी ऐकलं आणि त्याचा अर्थ मला कळला, हे इथे नोंदवून ठेवतो. पुढे मला काही माहीत नव्हतं, असं कोणी म्हणू नये.

थंडी सरत आली असताना देवचंद एका हॉकीच्या सामन्यावर मोठी रक्कम जिंकला. आकडा सांगण्यात अर्थ नाही. घरी येण्या-जाण्याचं विमानाचं तिकीट निघून वर उरेल इतकी होती. त्याच दिवशी त्याने पैसे काढायचा अर्ज केला आणि मला लिहिलं, "काका, बुढ्याचं काही खरं नाही. भाऊ म्हनते लवकर ये. हातात दुसरा पैसा नाही, मागच्याच महिन्यात घर बांधाले पाठवला. हे आले का टिकिट काढतो. कवा येतीन?"

दुसऱ्या सकाळी त्याच्या अर्जापुढे हिरवी खूण आलेली होती. म्हणजे वरून मंजुरी मिळाली होती. 'पाठवा' हे बटण माझ्या पडद्यावर होतं. मी विक्की सेठकडे पाहिलं.

"अंकल, अभी नहीं. इस हफ्ते हॉकी के बड़े मैच हैं. रोक के रखो."

"त्याचा बाप बिमार आहे."

"सबका बाप बीमार रहता है. आप तो धीर देने में उस्ताद हो."

मी बटण दाबलं नाही. देवचंदला लिहिलं, "पैसे येऊन राहिले, बाबू."

हे मी तीन सकाळी लिहिलं. तो त्यावर विसंबला. त्याने कारखान्यातल्या कोणाकडे उसने मागितले नाहीत, मालकाकडे उचल मागितली नाही. मागतो म्हणाला होता, मीच म्हटलं, कशाला कोणाचं तोंड पाहतो, येऊनच राहिले. केविन म्हणून रजनीने तसं लिहिलं असतं, तर त्याने शिव्या देऊन दुसरीकडून सोय केली असती. आमच्या बोलीत लिहिलं म्हणून तो बसून राहिला. पिशवीवर म्हातारी बसायची तसा.

चौथ्या सकाळी विक्की सेठने पुढची युक्ती सांगितली. मी ती देवचंदला सांगितली: धानाचा अर्ज अडकला आहे, रद्द कर, तांदळात नव्याने टाक, लवकर सुटेल. त्याने अर्ज रद्द केला. नवा अर्ज मात्र लगेच घेतला जात नसे, मध्ये काही तास जाऊ द्यावे लागत. ते मला माहीत होतं, त्याला नव्हतं. पैसे त्याच्या खेळाच्या खात्यात येऊन पडले आणि समोर सामना सुरू होत होता.

त्याने लिहिलं, "काका, नुसता बसून डोकं फिरून राहिलं. एक मॅच लावून पाहू का? जिंकलो तं बुढ्याच्या दवाखान्याचं पन होऊन जाईन."

'नको लावू.' दोन शब्द होते. शेजारी विक्की सेठ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, पण त्याने माझी बोटं धरलेली नव्हती.

मी लिहिलं, "तुझी मर्जी, बाबू."

दुपारी जेवून परत पडद्यावर पाहिलं तेव्हा दोन ओळी होत्या. "गेले काका. माझाच हात खाजवला." त्यानंतर तो कधी चॅटवर आला नाही.

इथे मी उठलो होतो. फाटकावर गाडी नव्हती. तसाच उभा राहून परत आलो.

ऑफिस पावसाळ्याच्या तोंडावर बंद झालं. एके सकाळी दाराला कुलूप, विक्की सेठचा फोन बंद. रजनी म्हणाली, "अच्छा हुआ अंकल, मुझे नींद नहीं आती थी." मी तिला विचारलं नाही, कशामुळे. मला झोप येत नव्हती ती आजही येत नाही.

त्यानंतरच्या माघ पौर्णिमेला, कचारगडच्या गुहेशी भरणाऱ्या जत्रेला मी गाडीने दरेकशाला गेलो. घरी सांगितलं, जत्रा पाहतो. डबा यात्रेकरूंनी भरलेला होता. सगळे उतरून गुहेच्या वाटेने निघाले आणि मी उलट्या दिशेने, देवचंदचं गाव विचारत. घर सापडायला त्रास पडला नाही. पैसे पाठवून बांधत आणलेल्या खोलीच्या विटांच्या भिंती वीतभर गवतात उभ्या होत्या, वर छप्पर नव्हतं. मागे जुनं मातीचं घर. ओसरीत त्याची आई फुलवंताबाई सुपात तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, देवचंदच्या ओळखीचा आहे, गोंदियाहून आलो.

तिने चहा केला. मग मी न विचारताच तिनेच सगळं सांगितलं. "त्याले मी बोलत नाही. थो फोन करते, लहान्याशी बोलते, मी नाही घेत. टिकिटाचे पैसे जुव्यात उडवले त्यानं. बुढा दाराकडे पाहून इचारे, आला का? आमी म्हनत होतो, येऊन राहिला. रातभर म्हनलो, येऊन राहिला, येऊन राहिला. बुढा दाराकडे तोंड करूनच गेला."

मी कपातल्या चहावर फुंकर घातली.

"आनि थो म्हनते का," ती पुढे म्हणाली, "त्या हापिसात एक आपल्याकडचा काका होता म्हने, थो बिचारा पैसे पाठवूनच राहिला होता, मीच घाई केली. आता परक्या मानसानं इतकं केलं आनि पोटचा पोट्टा असा."

मी चहा संपवला आणि निघालो. तिने दोन किलो तांदूळ बांधून दिले. ते मी घेतले. घरी आम्ही ते खाल्ले.

हा लेख इथवर आला तेव्हा माझी अशी समजूत होती की तो छापून येईल, जिल्ह्यात कोणीतरी वाचेल, दरेकशाला बातमी जाईल आणि देवचंदचं नाव सुटेल. मग लक्षात आलं, मी परत तेच करून राहिलो आहे. तिला दाराशी बसवून अंकाची वाट पाहायला लावतो आहे. काल सकाळच्या गाडीने दरेकशाला गेलो.

फुलवंताबाई ओसरीतच होती. यावेळी मी बसलो नाही. उभ्याने सगळं सांगितलं: हिरवी खूण, बटण, तीन सकाळी, धान रद्द करून तांदूळ, तुझी मर्जी. तिला धंदा किती कळला मला माहीत नाही. एवढं कळलं की पैसे तयार होते, ते दिले नाहीत, आणि न देणारा समोर उभा आहे.

तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

"म्हंजे थो काका तूच होय?"

"हो."

"मागच्या बारीला माझा तांदूळ घेऊन गेला."

"हो."

तिने आत हाक मारून धाकट्या मुलाला फोन लावायला लावला. स्पीकरवर रिंग गेली. तिकडे रात्र होत आली असेल. देवचंदचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. इतके महिने फक्त अक्षरं पाहिली होती. तो म्हणाला, "कोन, लहान्या का?"

लहान्या काही बोलणार तोच तिने फोन घेऊन माझ्यापुढे धरला. "तू कोन होय थे तूच सांग याले."

मी सांगितलं. सगळं, त्याच क्रमाने. मध्येच लाइन गेली असं वाटून मी थांबलो, पण श्वास ऐकू येत होता. संपल्यावर तो एकच शब्द बोलला.

"काऊन, काका?"

या शब्दाचा अर्थ समजावून सांगताना मी एकदा चहा सांडेपर्यंत हसलो होतो. या वेळी उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, "मला कोणी विचारेनासं झालं होतं, बाबू. तू विचारत होता. तू विचारतच राहावं असं वाटलं." म्हटल्यावर ते किती लहान कारण आहे, ते त्या ओसरीतल्या सगळ्यांना ऐकू आलं. मलाही.

मग फुलवंताबाई फोनकडे वाकून, ओरडल्यासारखी म्हणाली, "देवा, जेवला का रे?" पलीकडून हुंदका आला की लाइन तुटली ते कळलं नाही. फोन बंद झाला. लहान्याने परत लावला, लागला नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. लहान्या फोनमध्येच गुंतला होता म्हणून असेल.

"आता येईन का थो?"

ओठांवर आलंच होतं. उभ्या जन्माची सवय. ती धीर मागत होती आणि मला तो द्यायला येत होता.

"माहीत नाही, माय," मी म्हणालो.

ती उठली आणि चुलीवरचं आंधण पाहायला आत गेली. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी स्टेशनवर येऊन बाकावर बसलो. कोणीतरी बाई पिशवी घेऊन आली आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून विचारू लागली, "गाडी कवा येते, बाबा?" मी फलकाकडे बोट दाखवलं आणि तिला वाचून दाखवायला उठलो.